पट्ठा, पैलवान आणि आक्कांचा डबा

आमच्या घरमालकीणबाईंना ताप आलेला माणूस लांबून ओळखू यायचा. सकाळच्या पाळीला निघालेली, त्यांच्या भाड्याच्या खोल्यांच्या ओळीतली माणसं जेवणाचे डबे घेऊन कारखान्याच्या फाटकाकडं चाललेली असायची आणि त्या गोठ्याच्या दारात शेणाचे हात घेऊन उभ्या असायच्या. एखादा जरा खांदे पाडून चालताना दिसला की हाक आलीच. "अय्, हिकडं ये. डोळं कशानं तांबडं झाल्यात?" मग हाताचं शेण लागू नये म्हणून मनगटाची मागची बाजू त्याच्या कपाळाला टेकवायच्या, जीभ बाहेर काढायला लावायच्या आणि निकाल द्यायच्या. "थांब. डबा आणतो."

कोल्हापूरकडच्या बायकांसारखं त्या 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या. माहेर सीमेपलीकडचं, घर लिंगायत, त्यामुळं बोलण्यात अधूनमधून कानडी डोकवायची. सगळी ओळ त्यांना आक्का म्हणायची. आक्का मात्र कुणालाही नावानं हाक मारत नसत. माणूस ज्या गावचा किंवा मुलखातला, तेच त्याचं नाव. मी जयसिंगपूरचा, म्हणून मी जयसिंगपूर. शेजारच्या खोलीत विजापूर राहायचा, त्याच्या पलीकडं बिहार. पुढं बिहारचा मावसभाऊ राहायला आला तेव्हा मोठा बिहार आणि धाकटा बिहार अशी वाटणी झाली. सुरुवातीला मला याचा राग यायचा. माझ्या आईबापांनी चांगलं बारसं करून ठेवलेलं नाव कुणी असं गुंडाळून ठेवावं हे पटत नव्हतं. मग सवय झाली. आता मी कागलला राहतो, बँकेत, सोसायटीत, सगळीकडं लोक मला नावानं हाक मारतात, आणि कधीकधी ते नाव दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कास्टिंग तपासण्याच्या खात्यात मी लागलो होतो. आक्कांची शेती केव्हाच कारखान्यांखाली गेली होती. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी एका रांगेत खोल्या बांधल्या, मागं दोन म्हशींचा गोठा ठेवला आणि मधल्या जागेत स्वतः राहिल्या. नवरा पैलवान होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. भिंतीवर त्याचा कुस्तीची लांग घातलेला फोटो होता. मूल नव्हतं. रविवारी ओळीत मटण शिजायला लागलं की आक्का नाकाला पदर लावून म्हशींकडं निघून जायच्या, पण त्यावरून कुणाला कधी बोलल्या नाहीत.

त्यांचा सगळा जीव त्या डब्यात होता. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, वरचं चित्र घासून गेलेलं. आत गोळ्या. कुणाला डॉक्टरनं दिलेल्या, कुणी मेडिकलमधून मागून आणलेल्या, आणि माणूस बरा झाल्यावर उरलेल्या. कापलेल्या पाकिटांचे तुकडे, कागदाच्या पुड्या, एखादी सुटी कॅप्सूल. नावं त्यांना वाचता येत नव्हती आणि वाचायची गरजही वाटत नव्हती. त्यांची आपली वर्गवारी होती. लहान गोळी म्हणजे पट्ठा. मोठी, गिळताना घशाला जाणवणारी गोळी म्हणजे पैलवान. आणि डॉक्टरकडं जाऊन घ्यायची सुई म्हणजे वस्ताद. "ह्याला पट्ठा पुरतोय," असं म्हणाल्या की आजार साधा. "ह्याला पैलवान लागणार," म्हणाल्या की ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा, पण मनातून बरंही वाटायचं, कारण आपल्या दुखण्याला काहीतरी मान मिळाला असं वाटायचं. घसा असो, जुलाब असो, गळू असो, दाढ असो, पैलवान तोच.

दोन दिवसांत माणूस उठून कामाला जायला लागला की आक्का त्याच्या दारात. "बरं वाटतंय न्हवं? मग साकु." साकु म्हणजे पुरे. हा त्यांचा कानडी शब्द सगळ्या ओळीत चालायचा, बिहारसुद्धा भात वाढताना साकु म्हणायचा. "ऱ्हायलेल्या आण हिकडं. दुसऱ्याला व्हतील."

भाडं चार दिवस पुढंमागं झालेलं त्यांना चालायचं. उरलेल्या गोळ्या मात्र द्यायलाच लागायच्या. एकदा माझा घसा बसला तेव्हा डॉक्टरनं लिहून दिलेल्या सगळ्या गोळ्या मी सांगितल्याप्रमाणं शेवटपर्यंत घेतल्या. आक्का मागायला आल्या तर माझ्याकडं रिकामं पाकीट. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "समद्या खाल्लास?"

"डॉक्टर म्हणाले, संपवायच्या."

"बरं वाटल्यावर बी? जेवाण हाय व्हय ते?" मग पुढं आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "जयसिंगपूर लई शिकलेला, पर हावरा हाय."

त्यामुळं ओळीत एक रीतच पडून गेली होती. गोळ्या आणल्या की निम्म्या खायच्या आणि निम्म्या आक्कांसाठी बाजूला ठेवायच्या. देवापुढं नैवेद्य ठेवावा तशा काहीजण आधीच वेगळ्या काढायचे. विजापूरची बायको तर पाकीट घरात आल्या आल्या कात्रीनं दोन भाग करायची.

मला हे सगळं तेव्हाही चुकीचं वाटायचं आणि तसं मी बोललोही होतो. पण ओळीत राहिल्यावर कळायचं की डबा उगाच चालू नव्हता. मी कंपनीचा माणूस, मला आजारपणाची रजा होती. ओळीतली बाकीची बहुतेक माणसं कंत्राटदाराची. त्यांना काम केलं तर हजेरी, नाही केलं तर नाही. एक दिवस आजारी पडलं तर त्या दिवसाची मजुरी जायची, आणि चार दिवस पडलं तर जागा जायची, कारण फाटकाबाहेर दुसरा माणूस उभाच असायचा. डॉक्टर संध्याकाळी बसायचा, त्याची फी वेगळी, गोळ्या वेगळ्या. नाक्यावरच्या मेडिकलवाल्याला हे सगळं पाठ होतं. तो कात्री हातात घेऊनच विचारायचा, "किती दिसाच्या देऊ?" पगाराच्या आधीच्या आठवड्यात उत्तर एकच असायचं, उद्या उभं राहण्यापुरत्या. डॉक्टरची चिठ्ठी आहे का, हे तिथं कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. यापेक्षा आक्कांचा डबा बरा, तिथं फुकट मिळायचं आणि वर म्हशीचं कपभर दूध मिळायचं.

शिवाय डब्याला यश होतं. ऋतू बदलताना येणारा ताप दोन-तीन दिवसांत आपला आपणच जातो, तोही पैलवानाच्या नावावर जमा व्हायचा. आक्का फुशारकी मारायच्या नाहीत, पण बरा झालेला माणूस जेवणाचा डबा घेऊन कामाला निघाला की गोठ्याच्या दारातून त्याच्याकडं बघत राहायच्या.

हा डबा कशापायी सुरू केला, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्या म्हशींना घालायला उसाचं वाडं तोडत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "पैल्या खोलीत एक जोडपं व्हतं. कर्नाटकातलं. नवरा तापानं पडला. मी म्हटलं झोप, चार दिस आराम कर. माझंच ऐकून झोपला बिचारा. उठून गेला तर त्याच्या जागंवर दुसरा. मग भांडीकुंडी टेम्पोत घातली आणि गेली. लेकरू काखंत. जाताना ती बाई मला म्हणाली, आक्का, झोप म्हणायला तुमचं काय जातंय." कोयता जरा थांबला. "तवापासनं कुणाला झोप म्हटलं न्हाय. गोळी देतो, उभा करतो, लावून देतो."

माझी आक्कांवरची चीड त्या दिवशी बरीच उतरली. पूर्ण उतरली असं म्हणणार नाही, कारण पुढच्याच महिन्यात त्यांनी म्हशीच्या कासेला सूज आली म्हणून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरला उरलेलं औषध ठेवून जायला सांगितलं. कशाला, तर विजापूरच्या मांडीला गळू झालं होतं. डॉक्टर हसायला लागला. आक्कांना त्यात हसण्यासारखं काही दिसेना. "एवढ्या मोठ्या जनावराला चालतंय ते ह्या काडीला का चालंना?" तो डॉक्टर बाटली पिशवीत घालूनच गेला. त्याच्यावर त्यांनी पुढं कायमचा राग धरला.

दुसऱ्याचा ताप लांबून ओळखणाऱ्या आक्कांनी स्वतःचं दुखणं मात्र कुणाला ओळखू दिलं नाही. वाडं तोडताना कोयता निसटला आणि डाव्या पायाच्या बोटांवर बसला. हळद दाबली, वर चिंधी बांधली आणि पैलवान सुरू केला. सूज उतरली की साकु म्हणून बंद केला. पुन्हा सूज आली की पुन्हा सुरू, यावेळी दुसऱ्या रंगाचा. त्यांना साखरेचा आजार होता हेही आम्हाला माहीत नव्हतं, त्यांनाही धड माहीत नव्हतं. एके दिवशी सकाळी गोठ्याच्या दारात कुणी दिसलं नाही. मोठा बिहार मला म्हणाला, "आक्का लंगडते हैं. पैर से बदबू भी आता है."

आम्ही दोघं आत गेलो. त्या पाय पदराखाली घेऊन बसल्या होत्या. पदर बाजूला करायला तयार नव्हत्या. शेवटी बिहारनं जमिनीवर बसून, "आक्का, दिखाओ ना," असं लहान मुलाशी बोलावं तसं म्हटलं, तेव्हा दाखवला. दोन बोटं काळी पडली होती. रिक्षा आणली. रिक्षात बसताना त्यांनी एकच गोष्ट मागितली. डबा.

शहरातल्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी कुठली औषधं घेतली ते विचारलं. आक्कांनी डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि जरा अभिमानानंच म्हणाल्या, "ह्यातली समदी." डॉक्टरीणबाईंनी एकेक तुकडा बाहेर काढून ओळीत मांडला. जखमेतला पू तपासायला पाठवला, सलाईन लावलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की बोटं जाणारच आहेत, प्रश्न पायाचा आहे.

तपासणीचा निकाल आला तेव्हा आक्कांच्या खाटेशी उभं राहूनच त्या बोलल्या. "आक्का, तुमच्या पायातला जंतू या डब्यातल्या एकाही गोळीला जुमानत नाही. आम्ही जे पहिल्यांदा देतो, त्यालाही नाही. आता शिरेतून भारी औषध द्यायला लागेल. त्यानं ऐकलं तर पाय राहील."

"पैलवानाला बी ऐकत न्हाय?" आक्कांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पैलवान म्हणजे काय ते सांगितलं. त्या कागलकडच्या निघाल्या, कुस्ती त्यांना माहीत होती, त्यामुळं पुढचं सोपं झालं. त्या खाटेवर टेकल्या. "हे बघा. कुस्ती अर्ध्यात सोडवली तर समोरचा काय करतो? तुमचा डाव बघून जातो. पुढच्या वेळी त्या डावाला सापडत नाही. तुम्ही ह्याला प्रत्येक वेळी दमवलंत आणि सोडून दिलंत. आणि काही वेळा तर, साध्या सर्दीतापात, समोर कुणी नसतानाच पैलवान आखाड्यात उतरवलात."

नवऱ्याच्या कुस्त्या आक्कांनी पाहिल्या होत्या. बरोबरीत सुटलेल्या कुस्तीला पंचगंगेच्या काठी काय किंमत असते हे त्यांना सांगायला लागत नव्हतं. "म्हंजी मी समद्या बरोबरीत सोडवल्या," एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी पाळी सुटल्यावर ओळ भेटायला आली. विजापूर, त्याची बायको, दोन्ही बिहार, आणखी काहीजण. खाटेभोवती अवघडून उभे. मग विजापूरच्या बायकोनं पिशवीतून कागदाची पुडी काढून उशाशी ठेवली. तिच्यामागून दुसऱ्यानं ठेवली. सगळ्यांनी ओळीत गोळ्या जमवल्या होत्या. आक्कांचा डबा हॉस्पिटलात अडकलेला, त्यांना गोळ्या कमी पडू नयेत म्हणून. मोठ्या बिहारनं जवळजवळ सबंध पाकीट ठेवलं आणि तोंड फिरवून खोकला. खोकला खोल होता.

"ह्या कवाच्या?" आक्कांनी विचारलं.

"परसों डॉक्टर ने दिया, आक्का."

"खाल्ल्या न्हाईस?"

"दो खाया. अब ठीक हाय. बाकी आपके लिए रखा."

आक्का रडल्या. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं. रडताना शिव्याही देत होत्या, बिहारला, स्वतःला, त्या गेलेल्या नवऱ्याला, कुणालाही. मग ते पाकीट त्यांनी बिहारच्या शर्टाच्या खिशात कोंबलं आणि म्हणाल्या, "तुझ्या तू खा. समद्या. मला आणून दिल्यास तर खोली खाली कर." बाकीच्या पुड्या राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी उचलल्या. मला एवढंच कळत होतं की आम्ही सगळ्यांनी मिळून आक्कांवर माया केली होती आणि ती मायाच त्यांच्या पायात शिरली होती.

भारी औषधानं ऐकलं. बोटं गेली, पाय राहिला. आक्का डॉक्टरनं करून दिलेली एका बाजूनं जाड चप्पल घालून घरी आल्या. रिकामा डबा परत मिळाला होता, तो त्यांनी पूर्वीच्याच फळीवर ठेवला.

घरी येऊन फार दिवस झाले नव्हते. सकाळच्या पाळीची वेळ. मोठा बिहार फाटकाकडं न जाता आक्कांच्या दारात आला. मी माझी मोटरसायकल पुसत होतो. त्याचे डोळे तांबडे होते. आक्का खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मनगट त्याच्या कपाळाला लावलं.

"आक्का, थोडा बुखार हाय. एक पैलवान दो. आज भट्टी पे जाना है."

आक्कांची नजर फळीवर गेली. "डबा बंद."

"एक ही दो."

"न्हाय. संध्याकाळी डॉक्टरकडं जाऊ. आता झोप."

झोप हा शब्द त्यांच्या तोंडून गेला आणि त्या थांबल्या. बिहार दारातच उभा होता. त्याला राग आला नव्हता, तो फक्त विचारत होता. "मग हजेरी?"

आक्कांनी पाय खाली घेतला, चप्पल चढवली आणि मला म्हणाल्या, "जयसिंगपूर, गाडी काढ."

कंपनीच्या फाटकावर कंत्राटदार माणसं मोजून आत सोडत होता. हा कधीकाळी आमच्या ओळीतच राहून गेलेला. पैलवान त्यानंही गिळलेले. आक्कांनी वॉचमनची खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या.

"बिहार आज येणार न्हाय. ताप हाय."

"गोळी द्या की आक्का. डबा हाय न्हवं तुमच्याकडं?"

"बंद केला. आजच्यापुरता दुसरा लाव. पर बिहारची जागा बिहारचीच. बरा झाला की यील."

कंत्राटदार हसला. "आक्का, असं चालतंय व्हय? एकाला सूट दिली की सगळी झोपत्यात."

"तर मग मी रोज हितं येऊन बसणार," असं म्हणून आक्कांनी चप्पल काढली आणि बांधलेला पाय समोरच्या स्टुलावर ठेवला. "हा पाय घिऊन."

आत जाणारी माणसं थांबली. पायाची ती आखूड झालेली बाजू पट्टीतूनही दिसत होती. कंत्राटदाराचं हसणं ओसरलं. त्यानं पायाकडं पाहिलं, मग रांगेकडं. आवाज खाली आणून म्हणाला, "जागा ऱ्हाईल, आक्का. तुमच्याकडं बघून ठेवतो. पर हजेरी न्हाय मिळायची. ते माझ्या हातात न्हाय. खरंच न्हाय."

तो खोटं बोलत नव्हता, हे आक्कांनाही दिसलं असावं. त्यांनी वाद घातला नाही. परतीच्या वाटेवर गाडीवर मागं बसून त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता. घरी आल्यावर बिहारला तांदळाची पेज करून दिली. जागा राहिली म्हणून सांगितलं. हजेरीचं त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्याला कळलं असणार. पेज पिऊन तो भिंतीकडं तोंड करून झोपला.

गुरुवारी आक्कांना पट्टी बदलायला न्यायचं होतं. वाटेतच म्हणाल्या, "त्या डाक्टरीणबाईंना एक इचारायचं हाय. तू इचार. तुझं बोलणं त्यास्नी कळतंय."

"काय विचारू?"

"हजेरी बुडाल्यावर कंची गोळी द्यायची, म्हणावं."

मला वाटलं, थट्टा करतायत. तोंडाकडं पाहिलं तर थट्टा नव्हती. डॉक्टरीणबाई खाली वाकून जुनी पट्टी सोडवत होत्या. जखम छान भरतेय म्हणाल्या, आणखी काही विचारायचंय का म्हणाल्या. आक्का माझ्याकडं बघत राहिल्या. शेवटी मी विचारलं.

डॉक्टरीणबाईंचे हात थांबले. त्यांनी आधी माझ्याकडं, मग आक्कांकडं पाहिलं.

"ती आमच्याकडं नाही, आक्का."

"मला बी वाटलंच," आक्का म्हणाल्या आणि नवीन पट्टीसाठी पाय पुढं केला.